वाटेतला चौथा

१

तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, हे तुमच्याही घरी कुणी ना कुणी सांगितलं असेल. निघावंच लागलं तर खिशात एक खडा टाकायचा. तो चौथा. झाले चार जण, गेला दोष! हसू नका. मीही हसलो होतो.

१९९५ सालची गोष्ट. मी मेलबर्नला सिव्हिल इंजिनियरिंगचं मास्टर्स करत होतो. क्लेटनमध्ये एक भाड्याचं घर होतं, त्यात आम्ही तिघं राहायचो. केविन, श्रिया आणि मी, माधव. केविन वसईचा, कॅथलिक, अकाउंटिंग करायचा. थट्टेखोर एक नंबरचा. एक एप्रिलला त्याने युनिव्हर्सिटीतून फोन आल्याचं सोंग आणून माझा व्हिसा रद्द झाल्याचं मला असं काही पटवलं, की मी बॅग भरायला काढली होती. श्रिया पुण्याची, मायक्रोबायॉलॉजीवाली. हसायला लागली की थांबायची नाही. मला ती आवडायची. केविनला ते माहीत होतं, तिलाही असावं. आणि त्या दोघांचं जमत चाललंय हे मला माहीत होतं. पण त्या अख्ख्या देशात माझी म्हणावीत अशी ती दोघंच होती, म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. ते किचन, ते डगमगणारं टेबल, त्याला लागून माझी तिसरी खुर्ची. मला तेवढी खुर्ची हवी होती, बाकी काही नाही.

ईस्टरच्या सुट्टीत गाडी काढून समुद्राच्या कडेकडेने ॲडलेडपर्यंत जायचं ठरलं. चौथा शैलेंद्र येणार होता. त्याला ऐन वेळी डँडेनॉन्गच्या फॅक्टरीत शिफ्ट लागली आणि तो गळाला. हे मी ठाण्याला फोनवर आईला सांगितलं आणि फसलो.

"म्हणजे तिघंच?" आई म्हणाली. "तिघं नका रे जाऊ. खडा घे बरोबर."

माझी आई गणिताची शिक्षिका. जन्मभर पोरांना बेरजा शिकवल्या, आणि इथे माणसांत दगड मिळवायला निघाली होती!

"आपल्या दारातला घे हं," ती म्हणाली. "वाटेत दिसला म्हणून कुठलाही उचलू नकोस. आणि स्वेटर घे. मरून, मी विणलेला."

"हो गं, हो," मी म्हटलं.

२

स्वेटर घेतला. खडा साफ विसरलो. केविन बाहेर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता.

गाडी त्याचीच, जुनी स्टेशन वॅगन. तिचं मागचं डावं दार एका झटक्यात लागायचं नाही. आधी हलकेच ओढायचं, मग जरा वर उचलून पुन्हा आपटायचं. ही कला फक्त मला साधली होती, म्हणून ती जागा माझी. पुढे केविन आणि श्रिया, मागे मी आणि सामान. बरोबरच आहे, नाही का?

पोर्टलंड मागे टाकल्यावर दोन्ही बाजूंना पाइनची लागवड लागली. एकसारखी झाडं, रांगेत. मध्येच थांबायला केलेली एक जागा होती. काँक्रीटचं टेबल, दोन बाकं, कचऱ्याचा डबा, चिटपाखरू नाही. श्रियाने पोळ्या आणि बटाट्याची भाजी काढली, आणि टेबलाच्या मधोमध तो खडा दिसला. लिंबाएवढा, काळसर, तुळतुळीत. खूप दिवस कुणाच्या तरी हातात फिरल्यासारखा. खाली सगळी लालसर खडी होती, तशा जातीचा दुसरा एकही दगड आसपास नव्हता.

"अरे देवा, खडा!" मी म्हटलं, आणि आईचं सगळं सांगितलं.

"आमची मावशी पण करते हे!" श्रिया म्हणाली. "तिघी कुठे निघाल्या की पर्समध्ये सुपारी."

"दगड म्हणजे माणूस?" केविन म्हणाला. "आणि आम्ही मेणबत्त्या लावतो म्हणून आम्हाला हसता, काय रे?"

"पण आई म्हणाली होती, दारातलाच घे."

"मग आता काय परत क्लेटनला जायचं?" श्रियाने खडा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कोमट होता. ऊन पडलंय, टेबल तापलं असेल, असं मी मनात म्हटलं. मग टेबलाला हात लावून पाहिला. टेबल गार होतं.

केविनने त्याचं बारसं केलं, 'मेट', म्हणजे तिकडच्या बोलीत दोस्त. माझ्या शेजारी, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर त्याला ठेवला आणि वर सीटबेल्ट लावला. श्रियाने पोळीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला. "जेव हो भाऊ, लाजू नकोस." हसून हसून आमची मुरकुंडी वळली. मी सर्वांत जास्त हसलो. इतक्या दिवसांनी आम्ही तिघं एका गोष्टीला हसत होतो, मला त्याचंच बरं वाटलं.

३

माउंट गॅम्बिअरला एका कॅफेत शिरलो. म्हातारी वेट्रेस पाण्याचे चार ग्लास घेऊन आली आणि चौथा ग्लास तिने माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"तुमच्या मित्राला काय आणू?" तिने विचारलं.

"नो वरीज," केविन म्हणाला. "तो डाएटवर आहे."

"गुड ऑन यू," ती शाबासकी दिल्यासारखं म्हणाली. केविनला नव्हे, खुर्चीला. आणि खुर्चीकडे बघून छान हसलीसुद्धा.

ती गेल्यावर श्रियाने तोंडावर हात दाबून हसू कोंडलं. मी केविनकडे पाहिलं. आत शिरताना तोच पुढे होता, काउंटरवर काहीतरी बोललाही होता. म्हणजे ठरवून केलेलं. एक एप्रिल होऊन बारा दिवस झाले तरी याचं संपलं नव्हतं. मी मुद्दाम काही बोललो नाही. चिडलो असतो तर त्याला तेच हवं होतं.

संध्याकाळी किंग्स्टनच्या मोटेलमध्ये मालकाने चार टॉवेल दिले. खोलीत एक मोठा पलंग आणि तीन छोटे. चार पलंग म्हणून चार टॉवेल, सरळ हिशोब आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तरी केविन गाडीतून सामान काढत होता तेव्हा मालक मला म्हणाला, "तुमचा तो मित्र थंडीने कुडकुडतोय बाहेर. त्याला आत घ्या ना." मी वळून पाहिलं. गाडीपाशी केविन होता. त्याच्या अंगात जाडजूड जॅकेट होतं.

४

तिकडच्या जुन्या मोटेलांत भिंतीत एक छोटं कपाट असतं. त्याला बाहेरूनही दार आणि आतूनही दार. सकाळी बाहेरून नाश्त्याचे ट्रे सरकवतात, आपण आतून काढून घ्यायचे. कुणाला कुणाचं तोंड बघायला लागत नाही. मला ती युक्ती फार आवडली होती.

सकाळी त्या कपाटाच्या बाहेरच्या दाराचा खट् आवाज आला आणि मला अर्धवट जाग आली. मग आतलं दार उघडल्याचा. मग बशीवर चमचा वाजायला लागला, सावकाश, नीट. केविन उठला वाटतं, खादाड लेकाचा, असं म्हणून मी कूस बदलली आणि डोळे उघडले. केविन माझ्यासमोर तोंड उघडं टाकून घोरत होता. पलीकडे श्रिया पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेली. चमचा माझ्या पाठीमागे वाजत होता. वळायला हवं होतं. मी वळलो नाही. चमचा थांबेपर्यंत मी केविनच्या उघड्या तोंडाकडे बघत पडून राहिलो.

नंतर पाहिलं तर कपाटात चार ट्रे होते. तीन झाकलेले. चौथ्यावर नुसती बशी, तिच्यावर अंड्याचा पिवळा ओघळ आणि बेकनची उरलेली कड.

"आज गुड फ्रायडे आहे, मांस चालत नाही!" केविन भडकला. "बेकन कुणी मागवलं?"

"माझ्याकडे काय बघतोस? मी अंडंसुद्धा खात नाही!" मी म्हटलं.

"पण माधव, तूच तर बसला होतास ना तिथे मघाशी?" श्रिया केस बांधत म्हणाली. "मी झोपेत पाहिलं. पाठमोरा, स्वेटर घालून."

माझा मरून स्वेटर बॅगेवर टाकलेला होता, मला पक्कं आठवत होतं. तो आता चौथ्या पलंगावर होता. घडी घातलेला. बाह्या आत दुमडून, वर गळा. अशी घडी आमच्या घरात फक्त आई घालायची आणि तिने शिकवली म्हणून मी.

दोघं मिळून करताहेत, मी म्हटलं. केविन एकटा नाही. श्रियाही सामील आहे. भीती नाही वाटली मला, खरं सांगतो. माझ्यावर हसण्यात ती दोघं एक झाली होती, ते मनाला लागलं.

५

किंग्स्टनच्या पुढे कूराँग लागतं. डाव्या हाताला लांबच लांब उथळ पाणी, मिठाचे पांढरे पट्टे, खारट कुजका वास, आणि सरळ रस्ता. समोरून कुणी येत नाही, मागून कुणी येत नाही. उजेड मात्र भरपूर.

बाहेर गारठा होता. माझ्या खिडकीच्या काचेवर माझ्या श्वासाचं धुकं धरत होतं. मी ते शर्टाच्या बाहीने पुसलं आणि सहज उजवीकडे पाहिलं. केविनच्या मागच्या काचेवरही धुकं होतं. एवढंसं, वाटोळं. विरत होतं आणि पुन्हा धरत होतं. सीटवर खडा बेल्टमध्ये गप पडलेला. मी विज्ञानाचा माणूस. बाहेर थंड, आत ऊब, काचेवर वाफ धरणारच. पण ती सगळ्या काचेवर धरायला हवी ना? एकाच जागी, कुणी टेकून बसल्यासारखी का?

मी किंग्स्टन सोडल्यापासून चकार शब्द काढला नव्हता. रुसून बसलो होतो म्हणा. पुढे त्या दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. केविनने कसलासा विनोद केला, श्रिया खिदळली, आणि मागून मी हसलो. म्हणजे मी नाही हसलो. माझं हसू माझ्या उजव्या कानाशी ऐकू आलं.

श्रिया मान वळवून माझ्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

"काय सांगतोस! दोन भोवरे?" ती म्हणाली. "दाखव ना, खाली वाक."

"कुणी सांगितलं तुला?"

"तूच की आत्ता! म्हणालास, आई म्हणते, दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं करणार हा."

हे खरं होतं. माझ्या डोक्याच्या मागे दोन भोवरे आहेत आणि आई तेल लावताना त्यांवरून बोट फिरवून हेच म्हणायची. पण हे मी कुणालाही कधी सांगितलेलं नव्हतं. केविनला नाही, श्रियाला तर नाहीच नाही. थट्टा करणाऱ्याला हे कुठून कळणार?

"श्रिया, मी काही बोललो नाही," मी म्हटलं.

ती पुढे वळली होती. बहुतेक ऐकलं नाही तिने.

६

मेनिंगी नावाचं तळ्याकाठचं गाव. गुड फ्रायडे म्हणून सगळं बंद. पेट्रोल पंपाला लागून एक टेकअवे, खाण्याचं छोटं दुकान, तेवढं उघडं होतं, आणि रस्त्यापलीकडे टेलिफोनची पेटी. मी कार्ड घालून ठाण्याला फोन लावला.

"खडा कुठला घेतलास?" सगळं ऐकून घेतल्यावर आईने एवढंच विचारलं.

"वाटेतला."

"पडलेला होता की ठेवलेला होता?"

मला ते टेबल आठवलं, बरोबर मधोमध. "ठेवलेला होता."

लाइनीत तिच्या मागे घरातलं घड्याळ टिकटिकताना ऐकू येत होतं.

"दुसऱ्या कुणाचा असेल रे तो," ती म्हणाली. "जिथला तिथे ठेवून ये. आजच्या आज."

"ठेवला तर आम्ही तिघंच उरू."

"उरा तिघं! दोष लागू दे लागला तर. तू मला नीट परत ये, एवढंच..." आणि लाइन कटली. पुन्हा लावला तर लागेना.

मी धावत जाऊन केविनला सांगितलं, गाडी मागे घे, पाइनच्या रानात जायचंय.

"अर्धा दिवस मागे? दगड ठेवायला?" केविन म्हणाला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"केविन, मी हात जोडतो तुला."

"माधव, प्लीज," श्रिया म्हणाली. "ट्रिपचा विचका नको ना करूस. कालपासून किती मस्त मूडमध्ये आहेस तू, असा मी कधीच पाहिला नव्हता तुला. आत्ताच काय झालं एकदम?"

कालपासून मस्त मूडमध्ये! काल दुपारपासून मी तोंड शिवल्यासारखा बसलो होतो. तिला असा मी आवडत होतो, जो मी नव्हतोच. ते ऐकून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती आज चार वर्षं झाली तरी उतरलेली नाही.

७

टेकअवेत चार खुर्च्यांचं टेबल. आम्ही बसलो. काउंटरवरच्या पोरीने तीन कॉफ्या आणल्या. एक केविनपुढे, एक श्रियापुढे, एक माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"माझी?" मी म्हटलं.

ती टेबल पुसत होती. तिचा फडका माझ्या हातावरून गेला आणि ती थांबली नाही.

"केविन, पुरे झालं आता."

केविनने साखरेचं भांडं सरकवलं. रिकाम्या खुर्चीकडे. "दोन चमचे ना रे तुला?" मी दोनच घेतो. श्रिया त्या खुर्चीकडे तोंड करून ऐकत होती. मान किंचित कललेली, ओठ हसायच्या बेतात. माझ्याकडे बघून तिने असं कधीच ऐकलं नव्हतं.

मी उठलो. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तरी कुणी वर पाहिलं नाही. तडक गाडीपाशी गेलो, केविनच्या मागच्या सीटवरून तो खडा उचलला आणि तळ्याच्या काठाशी जाऊन सगळ्या ताकदीनिशी पाण्यात फेकला. पाणी स्वच्छ आणि सपाट होतं. मी आवाजाची वाट बघितली. डुबुक असं व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही. पाण्यावर तरंगही उठला नाही.

मागे दाराचा आवाज आला. आधी हलकेच ओढलेलं. मग जरा वर उचलून आपटलेलं.

मी वळलो. गाडी सुरू झाली होती. केविन स्टिअरिंगवर, शेजारी श्रिया, आणि तिच्या मागे, माझ्या जागेवर, मरून स्वेटर. मी धावलो. बोंबललो, गाडीच्या मागच्या काचेवर थापा मारल्या. काचेपलीकडे हातभर अंतरावर ते डोकं होतं, पुढे तोंड केलेलं. ते जरा खाली वाकलं, श्रियाला दाखवायला. दाट काळे केस, आणि त्यांत दोन भोवरे, शेजारी शेजारी.

मी माझे भोवरे कधी पाहिलेले नाहीत. कुणालाच दिसत नाहीत स्वतःचे. मी पाहिले.

श्रियाने हात लांब करून त्यांवरून बोट फिरवलं. मग गाडी ॲडलेडच्या रस्त्याला लागली.

८

परत कसा आलो ते विचारू नका. विचारायला कोण बसलंय म्हणा! एवढं सांगतो, की बसच्या ड्रायव्हरने चढणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट पाहिलं आणि माझ्याकडे मागितलं नाही. सीटवर बसल्यावर पँटच्या खिशात काहीतरी रुतलं. खडा होता. कोरडा, कोमट.

क्लेटनला पोचलो तेव्हा सुट्टी संपली होती आणि दुपार टळली होती. गाडी दारात उभी होती. घराची किल्ली माझ्या स्वेटरच्या खिशात, म्हणून मी कडी वाजवली. आतून फोडणीचा वास येत होता. श्रियाने दार उघडलं.

"श्रिया," मी म्हटलं. "अगं, मी आहे."

तिने माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं, मग डावीउजवीकडे.

"कोण आहे?" आतून कुणीतरी विचारलं. पूर्वी मी आईला कॅसेटवर बोलून पाठवायचो. आधी लावून बघायचो, नीट आलंय का. त्यामुळे माझा आवाज बाहेरून कसा येतो ते मला माहीत होतं.

"कुणी नाही रे," श्रिया म्हणाली. तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. "काय गारठा पडलाय," म्हणत तिने दार लावून घेतलं. बाजूच्या खिडकीतून ते डगमगणारं टेबल दिसलं. तिन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या.

मी स्टेशनजवळच्या टेलिफोनच्या पेटीत शिरलो. फोन लागला. पहिल्याच घंटेला उचलला.

"आई!"

"कोण बोलतंय?"

तिने माझा आवाज ऐकला! मेनिंगीनंतर माझा आवाज ऐकणारी ती पहिली. माझा बांधच फुटला, मी हमसाहमशी रडायला लागलो. "अगं मी, माधव. आई, मी आहे गं."

"माधवचा फोन आत्ताच येऊन गेला," आई सावकाश म्हणाली. "सुखरूप पोचलाय तो."

"तो मी नाही आई! ते दुसरंच कुणीतरी... तूच म्हणाली होतीस ना, दुसऱ्या कुणाचा असेल म्हणून?"

"तुम्ही फोन कराल असं तो म्हणालाच होता."

तुम्ही. माझी आई मला तुम्ही म्हणाली.

"आई, ऐक. माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत. तू तेल लावताना म्हणायचीस..."

"तेही सांगाल म्हणाला होता." तिचा आवाज थरथरत होता. माझी आई कुणाला घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि आता ती मला घाबरत होती. "हे बघा, तुम्ही जे कोणी असाल ते. मी हात जोडते. तुम्हालाही आई असेल कुठेतरी. माझ्या मुलाच्या वाटेला जाऊ नका. एकुलता एक आहे हो तो मला."

घड्याळ टिकटिकत होतं. तिने फोन ठेवला नव्हता, मी जाण्याची वाट बघत होती. शेवटी मीच ठेवला.

९

केविन आणि श्रियाचं गेल्या वर्षी लग्न झालं. माधव खूप नाचला म्हणे वरातीत. जीव लावतात त्याला दोघंही. माझ्यापेक्षा त्याच्याशी जास्त जमतं त्यांचं.

आईही येऊन गेली. डँडेनॉन्गला फॉस्टर स्ट्रीटवर ती आणि तो कढीपत्ता घेत होते. ती जरा जाड झालीय, चष्मा बदललाय. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा मी त्यांच्या मागेच उभा होतो. तिने एकदम मागे वळून पाहिलं, पदर सावरला आणि त्याचा हात धरून भराभर निघून गेली. मी नाही गेलो मागे. तिने नको म्हटलं होतं.

तेव्हापासून मी विचार करायला लागलो, की पाइनच्या रानात, त्या काँक्रीटच्या टेबलावर खडा ठेवला कुणी? आणि ठेवून तो कुठे बसून वाट बघत होता? त्याचीही आई असेलच. तिनेही त्याला तुम्ही म्हटलं असेल. मला त्याचा राग येतो, पण पूर्वीइतका येत नाही.

यंदाच्या ईस्टरला मी खडा फॉस्टर स्ट्रीटवरच्या टेलिफोनच्या पेटीत, फोनखालच्या फळीवर ठेवला. बरोबर मधोमध. सकाळी एक गाडी थांबली, आत आपली पोरं. एक मुलगी उतरून पेटीत शिरली.

"अगं हो आई, तिघंच," ती म्हणत होती. "सावनी नाही येत, तिला बरं नाहीये... काय? खडा?" ती हसली. "बरं बाई, घेते. दारातला आता कुठून आणू? हा बघ, इथेच आहे एक."

हसत हसतच ती बाहेर आली आणि गाडीत पुढे जाऊन बसली. मागे डावीकडे एक पोरगा होता, हातात उघडलेला नकाशा, मांडीवर घरचा विणलेला निळा स्वेटर. त्याने खडा घेतला, न्याहाळला, सीटवर ठेवला आणि थट्टेने वर सीटबेल्ट लावला. सगळी हसली.

उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे, जागा होती. मी आत बसून दार ओढलं. नवी गाडी होती, पहिल्याच झटक्यात लागलं.